बघायचा राहिलेला डोळा

छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

अहो,

जय भीम. फोन उचलत नाही, ते एका परीनं बरंच करताय. उचलला असता तर मी भांडले असते. मेसेज पाठवावा, तर तुमचा तो बोलका फोन अक्कांच्या अंगणात मोठ्यानं वाचून दाखवणार आणि नवरा-बायकोची भानगड अख्ख्या खुलताबादला फुकटात ऐकायला मिळणार. म्हणून पाटी आणि टोचणी काढली. ब्रेलचे ठिपके त्या घरात तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. वाचून झालं की अक्कांनी या कागदावर खुशाल पापड वाळत घालावेत.

‘गव्हाला पाणी द्यायचं हाय’ म्हणून काठी आणि पिशवी घेऊन अक्कांकडं निघालात. जन्मात कधी बारं धरलं नाही आणि आता बहिणीच्या गव्हाचा पुळका! थाप मारायची तर जरा पचेल अशी मारावी माणसानं.

माझ्या मते तुम्ही स्टेशनवरच्या प्रकारावरून रुसला आहात. तर आता माझी बाजू ऐका. तुम्हाला यातलं निम्मं ठाऊक आहे, पण भांडताना पहिल्यापासून सुरुवात करायची माझी खोड तुम्हाला माहीत आहेच.

तुम्ही जन्मापासून न बघणारे. मी चोविसाव्या वर्षापर्यंत बघणारी. साध्या तापाची गोळी मला बाधली, अंगभर फोड आले, जीव वाचला आणि डोळे वाळून गेले. पापणी हलवली तरी वाळू घासल्यासारखं व्हायचं. पुढं अंधकेंद्रात वेताच्या खुर्च्या विणायला शिकले, तिथं तुम्ही भेटलात, आणि मग लग्न. नेत्रदानातलं बुबुळ एकदा बसवून पाहिलं, तेही टिकलं नाही. डोळ्यात ओलच नाही तर दुसऱ्याचं बुबुळ जगणार कशावर? कोरड्या वाफ्यात रोप लावल्यासारखंच ते. म्हणून चेन्नईच्या डॉक्टरांनी हे कृत्रिम बुबुळ सुचवलं. माझाच सुळा हाडासकट काढायचा, त्याची चकती करायची, चकतीला भोक पाडून आरपार दिसेल अशी बारीक नळी बसवायची, ती काही महिने माझ्याच कातडीखाली रुजत ठेवायची आणि मग डोळ्यात बसवायची. डोळ्यावरून गालातलं आतलं कातडं ओढायचं. ऐकून मला घेरी आली होती. तुम्ही मात्र हसत सुटलात. ‘आता तुझा दात बी माझ्यावर आन् डोळा बी माझ्यावरच,’ म्हणालात.

दुकान बंद ठेवायला नको म्हणून तुम्ही इथं राहिलात आणि अक्का आल्या माझ्याबरोबर. मनमाडच्या पुढं कधी न गेलेली बाई, पण चेन्नईत सगळ्या वॉर्डाला ज्वारीची भाकरी खाऊ घालून आली. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा मी त्यांचंच तोंड बघितलं. शेजारच्या पेशंटची मुलगी फोनवर तुमचा फोटो मागवून देते म्हणत होती. मी नको म्हटलं. म्हटलं, माझा नवरा मी समोरासमोर बघणार. तिथंच माझी खोड मोडायची होती.

तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, निळा शर्ट घालून या. गाडीतून उतरले, तर पुढ्यात पांढऱ्या काठ्या घेतलेले दोघं. एक निळ्या शर्टात, एक मेंदी रंगाच्या. मी धावत जाऊन निळ्या शर्टाचा हात धरला आणि म्हटलं, ‘बघा, आले मी!’ तो निघाला तुमचा मित्र इंद्रजीत! त्याला दरदरून घाम फुटला. ‘वहिनी, मी हाय, मी!’ म्हणून ओरडायला लागला बिचारा. कॉलरच्या आत दोऱ्याच्या दोन गाठी मारून आपण इतकी वर्षं ज्याला निळा म्हणत आलो, तो शर्ट मुळात मेंदी रंगाचा! दुकानदारानं लग्नाच्या वेळीच आपल्याला रंग चुकीचा सांगितला होता. यात माझा काय गुन्हा?

तुम्हीही हसलात तेव्हा. मग रिक्षात मात्र गप्प बसलात. आंधळी होते तेव्हा हजारात तुम्हाला ओळखलं असतं, आणि डोळे आल्यावर चुकले. बोचलं असेल. मलाही बोचलं.

पण म्हणून घर सोडून जातात का? लवकर या.

तुमची,
विशाखा


२७ जानेवारी

अहो,

पत्र पोचल्याचं अक्कांकडून कळलं. तुम्ही ते उशाखाली ठेवलंय हेही कळलं. ‘रोज एक भाकर जास्तीची खायलाय, चिंता करू नको,’ म्हणाल्या. मी कशाला चिंता करू?

पोस्टात मात्र वाद झाला. अंधांच्या टपालाला तिकीट लागत नाही, हे खिडकीतल्या बाबूला मान्य, पण तो माझ्या गॉगलकडं बघत म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला तर दिसतंय की.’ मी म्हटलं, ‘पत्र ज्याला जातंय त्याला नाही दिसत. आणि एवढं वाटत असेल तर तुम्ही वाचून दाखवा.’ त्यानं ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि गुपचूप शिक्का मारला.

मी बरी आहे. खोटं कशाला सांगू, चांगली मजेत आहे. सकाळी उठून डोळ्यावरची रात्रीची पट्टी काढते आणि आधी माझे हात बघते. माझे हात आईच्या हातांसारखे झालेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या खोलीच्या भिंती गुलाबी आहेत. तुम्हाला ठाऊक होतं? गुलाबी! कोणत्या गाढवानं हा रंग निवडला म्हणून घरमालकाला विचारलं, तर म्हणाला, तुमच्याच मिस्टरांनी, डब्याचा वास घेऊन. मला इतकं हसू आलं की भाजी लागली खाली.

दिसतं मात्र नळीतून बघितल्यासारखं. समोरचं अगदी लख्ख, बाजूचं काहीच नाही. परवा औरंगपुऱ्यात भाजीवालीच्या नाकातली चमकी मला दिसली आणि शेजारी उभी केलेली स्कूटर दिसली नाही. गुडघा फुटला. दिसायला तो डोळा काही देखणा नाही. लाल मांस आणि मधोमध काळा ठिपका. गॉगल काढला तर पोरं बघत राहतात. बघू देत. मीही त्यांना बघते.

दुकानाचं सांगायचं तर आप्पासाहेब वकील रोज येऊन ठाण मांडतात. त्यांची आरामखुर्ची तुम्ही अर्धी विणून ठेवलीत ना. मी एकटीनं लावली हाताशी, तर वीण सैल पडली. डोळ्यांनी बघत विणायला गेलं की बोटं बावचळतात. शेवटी डोक्यावरून पदर पुढं ओढून, अंधार करून बसले. आप्पासाहेब म्हणतात, ‘विशाखाबाई, डोळे आले म्हणजे हात गेले का? तुमच्या सांडूला बोलवा. मला चहा पिऊन झोपायला खुर्ची नाही.’ गादीवर झोपा म्हटलं, तर राग आला त्यांना.

आणि काल इंद्रजीत आला होता. तुमच्यापेक्षा तोच जास्त खचलाय. ‘वहिनी, तुम्हीच माझा हात धरला, यात माझी काय चूक?’ म्हणून रडकुंडीला आला. मी त्याला चहा पाजला. मग म्हणाला, ‘वहिनी, सांडू स्टेशनवरून नाय रुसला. त्यावर तर तो रोज हसायचा. त्यो त्या दुपारचं बोलायलाय.’ कोणती दुपार, ते विचारलं नाही मी. मला कळलं.

विशाखा


९ फेब्रुवारी

अहो,

त्या दुपारविषयी लिहायचं म्हणून चार वेळा पाटी काढली आणि चार वेळा ठेवून दिली. आज लिहिते.

आपल्या घराचा कायदा आहे, की खोलीत आलं की बोलायचं. ‘मी आले’ म्हणायचं, नाहीतर खोकायचं. न बोलता आत येतो तो चोर. हा कायदा तुम्ही केला नाही आणि मीही नाही. दोन आंधळी माणसं एका खोलीत राहिली की तो आपोआप होतो. त्या दुपारी मी बाजारातून आले, चपला बाहेर काढल्या आणि न बोलता आत येऊन सुतळीच्या पोत्यावर बसले. तुम्ही आप्पासाहेबांची खुर्ची विणत होता. मी बघत बसले, खूप वेळ.

स्टेशनवर माझी फजिती झाल्यापासून मला एकच धास्ती होती, की पुन्हा चुकले तर? मला तुमचा आवाज पाठ, हात पाठ, पण चेहरा नवा. आणि गंमत अशी, की तुम्ही बोलायला लागलात की मला ऐकू येतं, दिसत नाही. जुनी सवय वर येते. तुमचा चेहरा शिकायचा तर तुम्ही गप्प हवे होतात, आणि मी समोर आहे हे कळल्यावर तुम्ही कधी गप्प बसलात? म्हणून मी मुकी झाले. बघण्याबद्दल मी माफी मागणार नाही. नवरा आहात माझे, बघणारच. न सांगता बघितलं त्याची माफी मागते. ते चोरून घेतल्यासारखं झालं.

पण चोरलं काय, ते तरी ऐका.

खुर्ची आडवी ठेवून एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी, असं आपण आजवर विणत आलो. तुम्ही वेताची पट्टी भोकातून सारायची, मी पलीकडून ओढून शेजारच्या भोकातून परत द्यायची. चेन्नईमुळं मी कित्येक महिने पलीकडं नव्हते. त्या दुपारी तुम्ही पट्टी आत सारलीत आणि थांबलात. हात तसाच धरून, मान जरा कलती करून थांबलात. मग तुमच्या लक्षात आलं. स्वतःशीच हसलात, उठून पलीकडं गेलात आणि आपली आपणच ओढून घेतलीत. पुढच्या भोकाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही भोकाला तेच. दर वेळी माझ्या हातासाठी थांबत होता तुम्ही.

मला रडू आलं. पाणी नाही आलं, ते कुठून येणार? नाक चुरचुरलं आणि शिंक आली. तुमच्या हातातली पट्टी पडली. ‘कोन हाय?’ म्हणालात. आणि मग अगदी हळू, ‘विशाखा, कवापासून बघायलीस?’

त्यावर मी काय म्हणाले? ‘आत्ताच आले.’ वर खोटंही बोलले! माझा आवाज पोत्याच्या उंचीवरून आला. उभ्या माणसाचा आवाज कुठून येतो ते तुम्हाला कळत नाही का?

एवढंच. आता तुम्ही लिहा. नाही लिहिलंत तर मी रोज पत्र टाकीन. त्याला तिकीटसुद्धा लागत नाही.

विशाखा


२१ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र आलं. डोळ्यांनी नाही वाचलं. दिवा मालवला आणि बोटांनी वाचलं, म्हणजे तुमचा हात किती जोरात चालला होता ते कळलं. दोन ठिकाणी कागद फाटलाय.

तुम्ही लिहिता, ‘तू मला बघितलंस, लई चांगलं केलंस. मला त्याचा राग नाय. पर मी तुला कवा बघू? तू आलीस त्या राती मी तुझ्या तोंडावर हात फिरवाया गेलो, तर तू माझं मनगट धरलंस. तुझा समदा चेहरा माझ्या हाताला ठावं हाय. त्यात आता एक जागा अशी हाय, जिथं मला मनाई हाय. तू मला समदं बघणार आन् मी तुला अर्धं. मग मी परका झालो का नाय?’

अहो, मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी निघताना दहा वेळा बजावलं होतं, की डोळ्याला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही. जंतू लागले तर सगळी मेहनत पाण्यात. ते डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की तुमचा हात आल्यावर मी तो धरला. माशी हाकलावी तसा धरला. पुढं त्यावर एक शब्दही बोलले नाही. मला वाटलं, डॉक्टरांचं ऐकते आहे. तुम्हाला वाटलं, दारच लावून घेतलं. आपण हातानं बघतो, हे डोळे आल्यावर मीच विसरले.

काल मेघा मॅडमकडं महिन्याची तपासणी होती. त्या इथल्या डॉक्टर, चेन्नईवाल्यांनी मला त्यांच्या हवाली केलंय. त्यांना म्हटलं, माझ्या नवऱ्याला माझा डोळा बघायचाय. ‘बघू द्या की,’ म्हणाल्या. म्हटलं, तो हातानं बघतो. तशा त्या खुर्चीत सरळ झाल्या. साफ नाही म्हणाल्या. ‘विशाखाताई, हा डोळा गेला तर दुसरा करता येईलच याची खात्री मी देणार नाही. कशासाठी तो धोक्यात घालायचा?’

मी म्हटलं, ‘मॅडम, मला दिसायला लागलं आणि माझं माणूस घरातून गेलं. त्याला न दाखवता मी हा डोळा कुणासाठी जपू?’

त्यांनी माझी फाईल पुढं ओढली. मग चेन्नईला फोन लावला. इंग्रजीत पुष्कळ बोलणं झालं, मधेच हसणंही झालं. फोन ठेवून म्हणाल्या, ‘त्यांना घेऊन या. हात मी धुऊन देणार. मी म्हणेन तिथंच, म्हणेन तेवढंच बोट. आधी औषध, नंतर औषध. आणि घरी पुन्हा कधीही नाही. कबूल?’ मी दोघांच्या वतीनं कबूल करून टाकलं.

गुरुवारी सकाळी अकराला. मी तुम्हाला आणायला येणार नाही, ओढून नेल्यासारखं होईल ते. तुम्ही आपले आपण या. नाही आलात तर मी समजेन की माझी माफी पोचली नाही. पण यावं, असं फार वाटतं. तुमच्याशिवाय मला दिसणाऱ्या गोष्टी मी सांगू कुणाला? आप्पासाहेबांना?

तुमची,
विशाखा

ता. क. नखं कापून या.


१६ मार्च

अहो,

अक्कांचा गहू निघाला का? या वेळी खरंच कामाला गेलात म्हणून माझी तक्रार नाही. तरी पोती शिवून झाली की परत या. आप्पासाहेबांची खुर्ची परवा त्यांच्या घरी पोचवली. वीण ढोलकीसारखी वाजते. ते तिच्यात बसले आणि आभार मानायच्या आतच घोरायला लागले. आता तहसीलच्या खुर्च्यांचं काम आलंय आणि मी पलीकडच्या बाजूला एकटीच बसून आहे.

तुम्ही जाताना विचारलंत, की बोट डोळ्याजवळ आलं तेव्हा तुला काय दिसलं? मेघा मॅडमच्या खोलीतही हेच विचारलं होतंत. तिथं मॅडम होत्या, त्यांची नर्स होती, दारात तो इंद्रजीत मान खाली घालून उभा होता. म्हणून मी ‘काय नाय’ म्हणाले. एसटी स्टँडवरही सांगायचं राहिलं, गाडी हललीच. आता सांगते.

त्या दिवशी अकरा वाजून गेले तरी तुम्ही आला नव्हता. मी बाकावर बसून नळीतून दाराकडं बघत होते. मग तुम्ही इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवून आलात. दोघंही निळ्या शर्टात! मी मुळीच चुकले नाही, हे एकदा नोंदवून ठेवा. शर्ट कुणी निवडून दिला, ते मात्र अजून सांगितलेलं नाही तुम्ही.

मॅडमनी तुमचे हात कोपरापर्यंत धुतले. तुम्ही लग्नाच्या दिवशी होता तसे अवघडून बसला होता. त्यांनी तुमच्या उजव्या हाताचं पहिलं बोट धरलं आणि सावकाश माझ्याकडं आणलं. मला आधी तुमचं सगळं बोट दिसलं, वेतानं चिरलेलं. मग नुसतं टोक. टोकावरच्या रेषा इतक्या मोठ्या दिसल्या, नांगरटीसारख्या. तुमचा चेहरा मागं होता, धूसर. ओठ आत दुमडले होते आणि हनुवटी थरथरत होती. तुम्हाला वाटलं असेल कुणाला कळलं नाही. मला कळलं.

तुमचं बोट कडेच्या मांसावरून गेलं. तुम्ही थांबलात, किंचित दाबलंत आणि म्हणालात, ‘खाली हाड लागायलंय. ह्यो तर तुझा सुळाच हाय गं. हसताना ओठाला लागायचा त्यो.’ मॅडमनी तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. त्यांचं बरं आहे, त्यांना येतं.

आणि मग तुमचं बोट नळीवर आलं.

सगळं गेलं, अहो. मॅडम गेल्या, खिडकी गेली, तुम्हीही दिसेनासे झालात. एका क्षणात मी पहिल्यासारखी ठार आंधळी झाले. चेन्नईत पट्टी सुटल्यापासून मला रोज एकच भीती असते, की एखाद्या सकाळी उठेन आणि असा अंधार असेल. या भीतीविषयी मी तुमच्याशी कधी बोलले नाही. तोच अंधार होता तो. आणि मला भीती वाटली नाही. तुमचा श्वास ऐकू येत होता, तुमच्या अंगाला वेताचा वास होता, तुमचा दुसरा हात माझ्या गुडघ्यावर होता. मला वाटलं, उद्या हा डोळा गेलाच, तर मी इथंच येऊन पोचणार आहे. इतकंच होईल.

तुम्ही बोट उचललंत आणि पुन्हा उजेड आला. त्यात पहिले तुम्ही होता. मी म्हणाले, ‘काय नाय दिसलं.’

तुमची,
विशाखा